अबोल्याचा वर्ग

"इंग्रजांनी या देशावर दीडशे वर्षं राज्य केलं," वेणीमाधव करकंबकर म्हणाले, "ते तोफांच्या जोरावर केलं असं जे सांगतात, त्यांना ना तोफ कळली, ना इंग्रज. त्यांनी राज्य केलं ते एका वाक्याच्या जोरावर. ज्या वाक्यात कर्ताच नाही, त्या वाक्याच्या! सारा वाढवण्यात आला आहे. दुःख व्यक्त करण्यात येत आहे. आता कोणाच्या अंगावर धावून जाल? समोर माणूसच नाही. नुसतं वाक्य!"

एवढं बोलून त्यांनी उजवा हात हवेत तसाच ठेवला. असं वाक्य संपल्यावर हात लगेच खाली आणायचा नसतो, हे ते वर्गात अनुभवाने शिकले होते.

समोर सतरंजीवर बसलेला जोतीराम त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं घसा खाकरला.

"सर, एक बोलू का?"

"बोल."

"रागावणार न्हाई न्हवं?"

"ज्ञानाच्या क्षेत्रात राग नसतो, जोतीराम."

"सदरा उलटा घातलाय तुमी."

सरांनी खाली पाहिलं. शिवणी बाहेर होत्या, गुंड्या आत होत्या, आणि सकाळपासून सापडत नसलेला खिसाही आतच होता.

"तसं झालेलं दिसतं खरं," सर म्हणाले, आणि दाराआड जाऊन सदरा सुलटा करून आले. कोणी केलं, याचा उल्लेख या वाक्यातही त्यांनी टाळला.

खरं सांगायचं तर सदरा उलटा घालण्याची सवय सरांना लग्नाच्या आधीपासून होती. गेली पंचवीस वर्षं ती कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण ते उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत आतून "अहो, सदरा!" अशी हाक यायची. मागच्या आठवड्यापासून ती हाक बंद होती. करकंबकरांच्या घरात अबोला चालू होता.

त्याचं असं झालं. सर सोलापुरातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत. दक्षिण कसब्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर माळवद एवढं त्यांचं घर. एकुलती मुलगी प्रभा लग्न होऊन पंढरपूरला गेली, आणि सरांच्या पत्नी रुक्मिणीबाई यांच्या हाताला दुपारची उसंत मिळाली. बाई माहेरी असताना मराठी सातवी, म्हणजे त्या काळची फायनल, पास झालेल्या. पुढं शाळा राहून गेली. पंच्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी सर कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीला लावत होते, तेव्हा बाई म्हणाल्या,

"पुढच्या मार्चला मी बाहेरून एस.एस.सी.ला बसावं म्हणते. आता अकरावी गेली, दहावीच झालीय. सरकारनं माझ्यासाठी एक वर्ष कमी केलंय, तर आपणही थोडं पुढं सरकावं."

सर हसले. बाई हसल्या नाहीत.

"गणित, इतिहास माझं मी बघीन. इंग्रजी तेवढं तुम्ही शिकवा."

सरांनी भाकरीचा तुकडा लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ चावला आणि म्हणाले, "ते बरं दिसत नाही."

"कुणाला?"

"तसं कुणाला असं नव्हे. एकंदरीतच बरं दिसत नाही."

"एकंदरीत म्हणजे कोण? समोरच्या बिऱ्हाडातले?"

"अगं, असं एकेकाचं नाव घेऊन नसतं ते."

बाईंनी चटणीच्या बरणीचं झाकण लावलं, गच्च पिळलं आणि बरणी फडताळात ठेवून दिली. सरांची अर्धी भाकरी कोरडी राहिली. अबोला त्या झाकणापासून सुरू झाला.

अबोला म्हणजे बोलणं बंद, असं ज्यांना वाटतं त्यांचं लग्न झालेलं नसावं. अबोल्यात बोलणं वाढतं; फक्त ते माणसाशी न होता वस्तूंशी होतं. बाई स्टोव्हला सांगत, "चहा झालेला आहे." फडताळाला सांगत, "भाजी संपत आली. मंडईकडं जाणारं कुणी असलं तर बरं होईल." सरही मग खुंटीवरच्या टोपीला उद्देशून, "मंडईत जाणं होईल असं वाटतं," म्हणत आणि पिशवी घेऊन निघत. वांगी यायची, भरली जायची, खाल्ली जायची. घरात सगळं काही होत होतं आणि कोणीच काही करत नव्हतं.

सरांना बायकोशी बोलायची ओढ होती. ती किती होती हे त्यांना आठवड्यात चांगलंच कळलं होतं. शाळेतली गंमत टोपीला सांगून भागत नाही. टोपी हसत नाही. पण आधी बोलायचं म्हणजे त्या 'एकंदरीत'चं काय ते सांगावं लागणार, आणि ते सांगण्यापेक्षा सदरा उलटा घालून हिंडणं त्यांना परवडत होतं.

जोतीरामचं दुखणं वेगळं होतं. हा माढ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा, तिशीतला, पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीत कारकून. सरकारी कारभार मराठीत आला होता, पण त्याचा वरचा साहेब अजून इंग्रजीतच रागवायचा, आणि वर जाणारे मसुदेही इंग्रजीतच मागायचा. जोतीरामचा मसुदा गेला की तांबड्या शाईनं न्हाऊन परत यायचा. म्हणून दर रविवारी सकाळी, ऊन तापायच्या आत, तो सरांकडं येऊन बसे.

"कालचा मसुदा वाच," सर सदरा नीट करून बसत म्हणाले.

जोतीराम वाचू लागला. इंग्रजी त्याच्या तोंडून नांगरटीतून बैलगाडी जावी तसं येई. "सर, आय वेंट टू कॅनॉल. आय सॉ. महिपती ब्रोक इट."

"थांब. यात तू कशाला आलास?"

"मी गेल्तो म्हणून."

"आणि महिपती?"

"त्यानं फोडला म्हणून."

"असं लिहायचं नसतं. इट इज लर्न्ट दॅट द कॅनॉल हॅज बीन ब्रीच्ड. असं कळतं की पाट फुटला आहे."

जोतीरामला ते अजिबात पटलं नाही. "पर सर, पाट फुटला न्हाई, फोडलाय. श्रीपूरच्या अलीकडं. रातच्याला कुदळ घिऊन महिपतीच गेल्ता. सगळ्या गावाला ठावं हाय. महिपतीबी न्हाई म्हणत न्हाई."

"महिपती म्हणेल. कचेरी म्हणत नाही. बरं, सोपं घेऊ. इट इज रेनिंग. पाऊस पडतो आहे. यात 'इट' म्हणजे कोण?"

"पाऊस."

"नाही."

"ढग?"

"नाही. कोणीच नाही. 'इट' नुसतं उभं असतं. वाक्याला पुढं कोणीतरी लागतं म्हणून उभं केलेलं."

"म्हंजी आमच्या सोसायटीचा चेरमन," जोतीराम म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उजेड पडला.

याच वेळी आतला स्टोव्ह फुस्स करून बंद झाला आणि स्वयंपाकघरातून आवाज आला,

"चहा झालेला आहे. गार व्हायच्या आत घेतला जावा, असं आपलं वाटतं."

सरांनी खुंटीवरच्या टोपीकडं पाहिलं. जोतीरामची मान मात्र ताठ झाली. तो डोळे बारीक करून पुटपुटू लागला, "इट इज... इट इज फेल्ट... दॅट टी शुड बी टेकन... बिफोर कोल्ड."

"बिफोर इट गेट्स कोल्ड," सर म्हणाले. शिक्षकाचं तोंड असं आपोआप उघडतं.

"आणि उलटा सदरा," आतला आवाज पुढं म्हणाला, "काही लोकांना बरा दिसतो, असं समजतं."

"इट इज अंडरस्टूड दॅट..." जोतीराम एकदम उठून उभाच राहिला. "अय्यो! सर, काकूबी शिकवत्यात व्हय! मघापासनं मी तुमचं ऐकतोय, डोक्यात काय शिरंना. काकूंनी दोन वाक्यं टाकली आन् सगळं सुटलं की!"

या क्षणी सरांनी खरं ते सांगायला हवं होतं. पण शिष्यासमोर, चहाची वेळ, आणि खरं सांगायचं तर चटणीच्या बरणीपासून सुरुवात करावी लागणार. सर म्हणाले, "हो. घरात आम्ही सराव चालू ठेवतो."

जाताना जोतीरामनं कप विसळून आत नेऊन दिला आणि हात जोडले. "काकू, लई बेस शिकवता तुमी. सर म्हणले, घरात सराव चालतो म्हणून."

रुक्मिणीबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या लक्ष्मीकडं पाहिलं. "असं सांगण्यात आलं काय?" त्या म्हणाल्या.

लक्ष्मीनं काही उत्तर दिलं नाही. पण त्या दिवसापासून बाईंच्या वाक्यांना वेगळीच धार चढली. पूर्वी त्या नुसतं 'जेवण झालंय' म्हणत. आता त्या पाण्याच्या हंड्याला सांगत, "जेवण वाढण्यात आलेलं असून, जेवणाऱ्याची प्रतीक्षा करण्यात येत आहे." सर पानावर बसत आणि मनातल्या मनात म्हणत, वा. हे वाक्य शाळेतल्या एकाही मास्तराला असं पहिल्या झटक्यात आलं नसतं. तोंडाशी आलेली शाबासकी ते आमटीबरोबर गिळत.

पुढच्या रविवारी जोतीराम एकटा आला नाही. त्याच्या कचेरीतला धुळाप्पा बरोबर होता. अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा, पिकल्या मिशांचा, पोट सुटलेला आणि कशाचीही घाई नसलेला गृहस्थ.

"सर, ह्यो धुळाप्पा. मी कचेरीत सांगिटलं, सरांच्या घरात स्वयंपाकबी इंग्रजीच्या चालीवर हुतो. त्याला खरं वाटंना. म्हणला, बघायला येतो."

"शिकायला," धुळाप्पा म्हणाला, आणि भिंतीला टेकून असा बसला की शिकायला आलेला माणूस तसा बसत नाही.

सरांनी खडू उचलला. आज भूतकाळ घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पण शिष्यांचं त्यांच्याकडं लक्षच नव्हतं. दोघंही स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. आज स्टोव्ह पेटलेला नव्हता. रुक्मिणीबाई गव्हाचं सूप घेऊन थेट उंबऱ्याशी येऊन बसल्या, पाठ अर्धी वळवून, तोंड भिंतीकडं. 

"गहू निवडायला घेण्यात आले आहेत," बाई म्हणाल्या.

"द व्हीट हॅज बीन टेकन," जोतीराम लगेच म्हणाला, "टू क्लीन."

"बरोबर," सर पुटपुटले. "आता आपण भूतकाळ..."

"या घरातल्या कोणाचा तरी फायनलला तालुक्यात दुसरा नंबर आला होता, असं ऐकिवात आहे."

"इट इज हर्ड दॅट... कुणाचा आल्ता, काकू?"

"नाव सांगण्यात येत नाही."

"नेम इज नॉट बीइंग टोल्ड," जोतीराम खुशीत म्हणाला. "सर, बरोबर हाय?"

"आहे," सर म्हणाले. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात दुसऱ्या नंबराचा विषय कधी निघाला नव्हता. म्हणजे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

बाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "असंही आढळून येतं," त्या गव्हाला म्हणाल्या, "की बाहेरच्या माणसांना शिकवायला दर रविवारी वेळ निघतो. घरातल्या माणसानं विचारलं, तर ते बरं दिसत नाही, असं सांगण्यात येतं."

जोतीरामनं हे वाक्य मोठ्या हिमतीनं उचललं. "इट इज फाउंड दॅट... फॉर आउटसाइड मेन, एव्हरी संडे, टाइम इज कमिंग आउट. बट इफ हाउस मॅन..."

"पर्सन," सर म्हणाले. त्यांचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"...इफ हाउस पर्सन आस्क्स, इट डज नॉट लुक वेल."

"गुड. लुक गुड."

"इट डज नॉट लुक गुड." जोतीराम थबकला. "सर, आता हितं कुणाला दिसत न्हाई ते कसं घालायचं?"

"घालायचं नसतं. तसंच असतं ते. इट इज रेनिंगसारखं."

"पावसाचं येगळं सर. त्यो आपला आपण पडतो. हे कुणाला तरी दिसाय नको व्हय?"

 सुपात गहू सरकल्याचा आवाज तेवढा आला. तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून मिशी कुरवाळत बसलेला धुळाप्पा गुडघ्यावर हात देऊन उठला, आणि त्यानं जोतीरामच्या खांद्याला धरलं.

"एळो, जोत्या. ऊठ."

"अजून तास न्हाई संपला."

"तास नव्हे रे हा! एळो. आमच्या घरी पण होतंय हे. आमची निंगव्वा बादलीला बोलते. मागं दिवाळीला अशी बोलत होती, बादली रडायला आली."

जोतीरामनं सरांकडं पाहिलं, काकूंकडं पाहिलं, सुपाकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू मावळला आणि कान लाल झाले.

"म्हंजी ह्ये सराव..."

"चप्पल घाल," धुळाप्पा म्हणाला. दारातून वळून त्यानं सरांना नमस्कार केला. "सर, फार चांगला वर्ग हाय. आता तुमी दोघंच घ्या."

ते गेले. गल्लीत थोडा वेळ "मला काय ठावं" आणि "लग्न झालंय ना तुझं?" असं ऐकू येत राहिलं, मग तेही थांबलं.

सर खडू हातात धरून उभे होते. बोलावं, असं त्यांना वाटलं. खुंटीवरच्या टोपीकडं बघत ते म्हणाले,

"काही बाबतीत चूक झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"शक्यतेला पानावर बसवून वाढता येत नाही," बाई भिंतीला म्हणाल्या.

सरांनी टोपीकडं आणखी एकदा पाहिलं. तिच्याकडून कसलीही मदत येण्याची चिन्हं नव्हती. मग ते चार पावलं चालून उंबऱ्याशी आले आणि धोतर सावरत बाईंसमोर जमिनीवर बसले. मध्ये सूप होतं.

"मला भीती वाटते," ते म्हणाले.

बाईंचा हात गव्हात थांबला. "कसली?"

पंधरवड्यात प्रथमच त्यांनी भिंत सोडून नवऱ्याकडं पाहिलं होतं. सरांच्या ते लक्षात आलं आणि ते इतके आनंदले, की पुढचं बोलायला त्यांना सुपातला एक खडा शोधून काढावा लागला.

"तू प्रश्न विचारतेस. पोरं विचारत नाहीत. पोरं लिहून घेतात. इतकी वर्षं झाली, मला वर्गात कोणी 'का' म्हणून विचारलेलं नाही. विचारलंच कोणी, तर मी त्याला बाकावर उभं करतो. तू विचारणार. 'इट' म्हणजे कोण, विचारणार. 'पी-यू-टी' पुट, तर 'सी-यू-टी' कट का, विचारणार. आणि मला येणार नाही. मग तुला मी कुठं उभं करू?"

"मी दिवसभर ओट्याशी उभीच असते," बाई म्हणाल्या.

"तू हसतेस."

"हसत नाही. एवढंच होतं?"

"आणि तू नापास झालीस तर?"

"तर मी होईन ना. तुमचं नाव कुठं येतं त्यात?"

"गावात येईल. करकंबकरांची बायको इंग्रजीत गेली."

"पास झाले तरी तेच म्हणतील. करकंबकरांची बायको, पास होणारच. दोन्हीकडं तुमचंच नाव. घाबरायचं ते मी घाबरायला पाहिजे."

सरांनी याचा विचार केला. हे खरं होतं. आपण उगीचच बायकोच्या वाट्याची भीती एवढे दिवस वापरत होतो, असं त्यांना वाटलं, आणि खूप हलकं वाटलं.

"तसं तुला निम्मं आलंच असेल म्हणा," ते उत्साहानं म्हणाले. "दर रविवारी आतून ऐकतेस."

"एक अक्षर नाही," बाई म्हणाल्या. "स्टोव्ह पेटला की मला माझा विचार ऐकू येत नाही, तुमचं इंग्रजी कुठलं? तुमचा हात तेवढा दिसतो, दारातून. वर गेला की कळतं, काहीतरी मोठं चाललंय."

"मग ती वाक्यं? 'प्रतीक्षा करण्यात येत आहे'?"

"आमचे अण्णा तलाठी होते. आईवर रागावले की घरात असंच बोलायचे."

सर मोकळेपणानं हसले. बाईही हसल्या, आधी सुपात बघून, मग वर बघून. कुठूनसा गिरणीचा भोंगा झाला. सर उठले. गुडघे वाजले, पण त्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांचा चेहरा उजळला होता, छाती पुढं आली होती आणि उजवा हात आपोआप वर निघाला होता.

"रुक्मिणी," ते म्हणाले, "उद्या पहाटेपासून. अगदी पहिल्या अक्षरापासून. मी तुला असं इंग्रजी शिकवीन, की बोर्डातल्या तपासनिसानं पेपर हातात घेतला की उभं राहिलं पाहिजे. तू 'का' म्हणून विचार. हजारदा विचार. मला आलं तर सांगीन, नाही आलं तर नाही आलं म्हणून सांगीन. या दोन खोल्यांत आजपासून विद्येला कोणाचीही आडकाठी..."

"अहो," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "ते सगळं होईल. आधी जरा माळवदावर जाऊन बसता का? कुरडया घातल्यात, कावळे नेतील. आणि डोक्याला ओला पंचा गुंडाळा."